गाडी लीड्सची, किल्ली लंडनमध्ये

२०२४ च्या हिवाळ्याच्या तोंडावर उत्तर इंग्लंडमधल्या महापौरांनी नॉर्दर्न या रेल्वे कंपनीच्या वरिष्ठांना जाब विचारायला बोलावलं होतं. विषय नेहमीचाच होता: रद्द होणाऱ्या गाड्या, त्यातही रविवारच्या. बोलण्याच्या ओघात असं निघालं की गाडीवरच्या कर्मचाऱ्यांपर्यंत कामाच्या सूचना पोचवायला कंपनी अजून फॅक्स मशीन वापरते. त्या फॅक्सवरून मग ब्रिटनभर चेष्टा झाली. जिथं जगातली पहिली शहरं जोडणारी प्रवासी रेल्वे धावली, त्या मुलखात २०२४ साली फॅक्स!

फॅक्स सोडा. मला त्या बातमीतली दुसरी गोष्ट खटकली. ही कंपनी त्या वेळी साडेचार वर्षांहून जास्त काळ सरकारी मालकीची होती.

ब्रिटिश रेल्वेचं नाव आपल्याकडे निघालं की दोन ठरलेले सूर लागतात. खासगीकरणाचे विरोधक म्हणतात, बघा, खुद्द ब्रिटनला रेल्वे परत घ्यावी लागली. समर्थक म्हणतात, खासगीकरणानंतर तिथले प्रवासी दुपटीहून वाढले, ते नाही का दिसत? दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. १९९३ च्या कायद्याने रेल्वेचे तुकडे झाले, त्यानंतरच्या पंचवीस वर्षांत प्रवासी खरोखर दुपटीच्या वर गेले. आणि २०२४ च्या नोव्हेंबरात संसदेने प्रवासी रेल्वे सरकारी मालकीत आणण्याचा कायदाही केला. पण नॉर्दर्नची वीस वर्षं बघितली तर हे दोन्ही सूर बाजूला राहतात. ही कंपनी खासगी असताना रडली आणि सरकारी झाल्यावरही रडतेच आहे. माझं म्हणणं असं की तिचं दुखणं मालकीत नव्हतंच. तिचे डबे किती, तिचे फलाट किती, तिचं वेळापत्रक कसं, हे सगळं ठरवणारी माणसं तिच्यातून प्रवास करत नाहीत आणि तिच्या प्रवाशांच्या मतांवर निवडूनही येत नाहीत. खासगी होती तेव्हा ही माणसं लंडनच्या वाहतूक मंत्रालयात बसायची. सरकारी झाल्यावरही तिथंच बसतात.

नॉर्दर्न म्हणजे लिव्हरपूल, मँचेस्टर, लीड्स, शेफील्ड, न्यूकॅसल ही मोठी शहरं आणि त्यांच्यामधली शेकडो गावं. रोज अडीच हजारांच्या आसपास गाड्या, पाचशेच्या घरात स्थानकं, बहुतेक गाड्या दोन, तीन, फार तर चार डब्यांच्या. इस्पितळात पाळीवर जाणाऱ्या नर्स, कॉलेजची पोरं, दुकानांत काम करणारी माणसं, शनिवारी फुटबॉलला निघालेले बाप-लेक. तिकिटांच्या पैशात हा कारभार भागत नाही, सरकारी अनुदानावर चालतो. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे नॉर्दर्नची एकही गाडी लंडनला जात नाही. एखादा खासदार संसदेच्या अधिवेशनाला निघाला की त्याची गाडी दुसऱ्या कंपनीची असते.

२००४ साली या भागाचं कंत्राट निघालं तेव्हा सरकारने गृहीत धरलं होतं की इथले प्रवासी वाढणार नाहीत. शून्य वाढ! त्यामुळे नवे डबे मागायचं कारणच उरलं नाही. कंत्राट मिळालं सर्को आणि एका डच कंपनीच्या जोडीला. ही डच कंपनी नेदरलँड्सच्या सरकारी रेल्वेची. पुढे २०१६ साली ते अराइव्हाकडे गेलं आणि अराइव्हाची मालकी होती जर्मनीच्या सरकारी रेल्वेकडे. म्हणजे ब्रिटिश सरकारने स्वतःची रेल्वे चालवू नये एवढाच काय तो आग्रह होता. दुसऱ्या देशाच्या सरकारने चालवली तर कोणाची हरकत नव्हती. असो.

प्रवासी अर्थातच वाढले. मँचेस्टर आणि लीड्समध्ये नोकऱ्या वाढल्या, शहरात गाडी लावायला जागा मिळेना, लोक रेल्वेकडे वळले. डबे मात्र तेवढेच. या व्यवस्थेत डबे कंपनीचे नसतात. ते तीन-चार भाडेकंपन्यांचे; रूळ आणि सिग्नल आधी रेलट्रॅकचे होते, २००२ पासून नेटवर्क रेलचे; चालक आणि कंडक्टर तेवढे गाडी चालवणाऱ्या कंपनीचे; आणि कुठल्या स्थानकात किती गाड्या थांबतील ते मंत्रालय कंत्राटात लिहून देणार. घर एकाचं, भांडी दुसऱ्याची, राबणारा तिसरा आणि आज जेवायला काय ते शंभर कोसांवरून चौथा सांगणार. जेवण बिघडलं की चौघेही एकमेकांकडे बोट दाखवायला मोकळे.

पेसर नावाच्या गाड्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे वेगळं सांगायला नको. १९८० च्या दशकात ब्रिटिश रेलकडे पैसा नव्हता आणि शाखामार्गांवरच्या जुन्या डिझेल गाड्या मोडकळीला आल्या होत्या. तेव्हा लेलँड कंपनीच्या शहरी बसचा सांगाडा घेतला आणि मालडब्यासारख्या चार चाकांच्या चौकटीवर बसवला. एरवी प्रवासी डब्याखाली दोन बोगी असतात, त्या वळणावर स्वतंत्र वळतात. पेसरला बोगी नाहीत, नुसते दोन आंस. त्यामुळे तीव्र वळणावर चाकं रुळाला घासून अशी किंचाळायची की शेजाऱ्याशी बोलणं थांबवावं लागे, आणि सांध्यांवरून जाताना अख्खा डबा वरखाली उसळे. दरवाजे बससारखे घडीचे, बाकंही अनेक गाड्यांत बसचीच. अंदाजे वीस वर्षांची सोय म्हणून बांधलेल्या या गाड्या पस्तीस वर्षं धावल्या. नॉर्दर्नकडे अशा शंभरावर होत्या. लंडनच्या आसपास पेसर कधी कोणाला दिसली नाही.

त्या जाणार कशा, ही कथा जास्त बोलकी आहे. २०१५ साली नव्या कंत्राटात पेसर काढून टाकण्याची अट घालायची ठरली तेव्हा वाहतूक खात्याचे सर्वांत वरचे सनदी अधिकारी फिलिप रटनम यांनी हरकत घेतली. हिशेबाने हा खर्च परवडत नाही, पैशाचं मोल वसूल होत नाही, असं त्यांचं म्हणणं. हरकत नियमाला धरूनच होती. ब्रिटनमध्ये अशा वेळी मंत्र्याला लेखी आदेश द्यावा लागतो की जबाबदारी माझी, तुम्ही करा. पॅट्रिक मॅक्लॉक्लिन यांनी तसा आदेश दिला. उत्तरेचा विकास करायचा म्हणता आणि या गाड्या ठेवता, हे जुळत नाही, असा त्यांचा मुद्दा होता. ते हुजूर पक्षाचे मंत्री होते आणि मला त्यांचं याबाबत कौतुक वाटतं.

पण हिशेब चुकला कुठं? बेरीज-वजाबाकीत चूक नव्हती. त्या पद्धतीत प्रवाशाच्या वाचलेल्या वेळेला किंमत असते, गर्दी कमी झाली तर तिलाही किंमत असते, आणि जिथं आधीच जास्त माणसं, जास्त नोकऱ्या तिथं ही बेरीज आपोआप मोठी होते. लंडनच्या एलिझाबेथ लाइनवर सुमारे १९ अब्ज पौंड लागले आणि ती पहिल्या दिवसापासून भरून वाहते, म्हणजे हिशेब बरोबरच ठरला. उत्तरेतल्या बर्नलीच्या दोन डब्यांच्या गाडीत मात्र ती बेरीज होत नाही, कारण गाडी वाईट म्हणून लोक येत नाहीत आणि लोक येत नाहीत म्हणून चांगली गाडी परवडत नाही. हे चक्र तोडायला कोणीतरी राजकीय माणसाने सही करावी लागते. ती सही उत्तरेतल्या कुणाला करता येत नव्हती, डर्बीशायरमधून निवडून आलेल्या आणि लंडनमध्ये बसलेल्या एका मंत्र्याच्या मनात आलं म्हणून ती झाली. मनात आलं नसतं तर?

सहीनंतरही पेसर वेळेवर गेल्या नाहीतच. स्पेनच्या काफ कंपनीच्या १०१ नव्या गाड्या यायला उशीर झाला. अपंगांना चढता-उतरता येईल अशाच गाड्या हव्यात, या कायद्याची मुदत २०१९ च्या अखेरीला संपत होती. नॉर्दर्नला त्यातून सवलत घ्यावी लागली. नॉर्दर्नची शेवटची पेसर २०२० च्या नोव्हेंबरात थांबली. काही गाड्या सरकारने समाजोपयोगी कामासाठी वाटल्या, त्यातली एक ब्रॅडफर्डच्या शाळेला मिळाली.

त्याआधी २०१८ घडलं होतं. २० मे २०१८ या रविवारी देशभर नवं वेळापत्रक लागू झालं आणि उत्तरेतली गाड्यांची वाहतूक कोसळली. रोज शेकड्यांनी रद्द. फलाटावर फळा एक सांगतो, मोबाइल दुसरंच, आणि स्थानकावरच्या कर्मचाऱ्याला दोन्ही ठाऊक नाही. पंधरा दिवसांनी कंपनीने आणीबाणीचं वेळापत्रक काढलं आणि दिवसाच्या १६५ गाड्या सरळ काढून टाकल्या. ऑक्सनहोम ते विंडरमेअर या दहा मैलांच्या मार्गावर तर गाड्याच बंद करून बस लावल्या, ऐन पर्यटनाच्या मोसमात. मग एका पर्यटन रेल्वे कंपनीने जुने डबे आणून तिथं काही दिवस गाडी चालवून दाखवली! ज्यांची ती लाइन, त्यांना जमेना, आणि वाफेच्या इंजिनांच्या सहली काढणाऱ्यांना जमलं.

कारण काय? मँचेस्टर ते प्रेस्टन हा बोल्टनमार्गे जाणारा रस्ता विजेवर यायचा होता. ते काम लांबलं. विजेच्या गाड्या धरून बांधलेलं वेळापत्रक मग ऐन वेळी मोडून नव्याने करावं लागलं. अशा कामाला एरवी चाळीस आठवडे असतात, त्या वेळी सोळा मिळाले. वेळापत्रक इतकं उशिरा तयार झालं की कुठल्या चालकाला कुठला मार्ग शिकवायचा हेच ठरेना. ब्रिटनमध्ये चालकाला त्या त्या मार्गाची ओळख झाल्याशिवाय गाडी नेता येत नाही, आणि ते योग्यच आहे. उतार कुठं, सिग्नल कुठल्या वळणामागे, हे अंधारातही ठाऊक हवं. म्हणजे गाडी उभी, चालक हजर, पण त्या चालकाला तो मार्ग चालवायची परवानगी नाही.

चौकशी झाली. रेल्वे नियामकाच्या वतीने स्टीफन ग्लेस्टर यांनी ती केली आणि निष्कर्ष काढला की या सगळ्याची सूत्रं कोणीच हातात घेतली नाहीत. काम लांबणार हे नेटवर्क रेलला कळत होतं, धोका कंपनीला दिसत होता, मंत्रालयाच्या बैठका चालू होत्या. थांबा, हे पुढं ढकलू, असं म्हणायचा अधिकार नेमका कोणाचा, हे कुठंच लिहिलेलं नव्हतं. वाहतूकमंत्री ख्रिस ग्रेलिंग संसदेच्या समितीपुढे म्हणाले की रेल्वे काही मी चालवत नाही. लोकांना याचा राग आला. माझ्या मते ते वाक्य त्या वर्षातलं सर्वांत प्रामाणिक वाक्य होतं. गोम अशी की विंडरमेअरच्या त्याच मार्गाचं विद्युतीकरण आदल्या जुलैत ग्रेलिंग यांनीच रद्द केलं होतं. चालवत नाही म्हणायचं, पण रद्द करायचं झालं तर करता येतं.

मँचेस्टरच्या पिकॅडिली स्थानकात १३ आणि १४ क्रमांकाचे फलाट आहेत. मुख्य स्थानकापासून दूर, सरकत्या पट्ट्यावरून चालत जायचं, वर एका अरुंद पुलावजा जागेत दोन रुळांमधला एकच लांब फलाट, एका बाजूला तेरा, दुसऱ्या बाजूला चौदा. लिव्हरपूल, प्रेस्टन, विमानतळ, शेफील्ड, सगळीकडच्या गाड्या इथूनच. मागे डीन्सगेटपर्यंत विटांच्या कमानींवरून जाणारे दोनच रूळ. त्यावरून तासाला पंधरा गाड्या नेण्याचा बेत होता. एक गाडी दोन मिनिटं अडली की मागची पाच अडतात, आणि ती अडचण संध्याकाळपर्यंत न्यूकॅसलला पोचते. हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणून तिथं १५ आणि १६ असे आणखी दोन फलाट बांधायचं ठरलं, २०१४ साली रीतसर अर्ज झाला. त्याच योजनेचा दुसरा भाग म्हणजे ऑर्डसॉलचा जोडमार्ग. तो ८५ दशलक्ष पौंड खर्चून २०१७ च्या डिसेंबरात उघडला, देखणी पोलादी कमान घातली, वास्तुकलेच्या मासिकांत फोटो आले. फलाटांचा अर्ज मंत्र्याच्या टेबलावर पडून राहिला. नवं डिजिटल तंत्र आलं की कदाचित फलाटांची गरजच उरणार नाही, असंही सुचवलं गेलं. फलाट झाले नाहीत. जोडमार्गामुळे त्या दोन रुळांवर आणखी गाड्या आल्या. २०१९ साली नेटवर्क रेलने तो पट्टा अधिकृतपणे कोंडलेला म्हणून जाहीर केला, आणि २०२२ च्या डिसेंबरात शेवटी गाड्याच कमी केल्या, तेव्हा जरा श्वास आला.

हे फलाट कोणी अडवले? अराइव्हाने नाही. तिचा त्यात काही संबंध नव्हता. तरी शिव्या कोणी खाल्ल्या, तर गाडीच्या दारावर ज्याचं नाव त्याने. २०२० च्या जानेवारीत मंत्री ग्रँट शॅप्स यांनी कंत्राट काढून घेतल्याचं जाहीर केलं आणि १ मार्चला नॉर्दर्न सरकारी झाली. टाळ्या पडल्या. मीही तेव्हा वाजवल्या असत्या.

सरकारी झाल्यावर काय बदललं ते बघा. वायव्य भागात रविवार हा कामाच्या आठवड्यात मोडत नाही. ब्रिटिश रेलच्या काळापासून विभागाविभागांचे करार वेगळे आहेत आणि ते एकत्र करायला पैसा लागतो. म्हणून रविवारी कंडक्टर आले तर गाडी, नाही तर नाही. कर्मचारी संघटनेला दोष देणं सोपं आहे. पण जादा कामावर रविवार ढकलत राहणं मंत्रालयाला स्वस्त पडत आलं, हे कोणी बोलत नाही. खासगी कंपनीला करार बदलण्यापुरता पैसा नव्हता, सरकारी कंपनीला तो कोषागाराकडे मागावा लागतो. फॅक्स त्याच करारांच्या अडगळीतला.

प्रवाशाशी वागणं तरी बदललं? २०२४ च्या शरदात एका तरुण प्रवाशावर नॉर्दर्नने खटल्याची कारवाई सुरू केली. त्याच्याकडे सवलतीचं कार्ड होतं, तिकीट होतं, पण सकाळी दहाच्या आधी बारा पौंडांच्या आतल्या भाड्यावर ती सवलत चालत नाही हा बारीक नियम त्याला ठाऊक नव्हता. फरक १ पौंड ९० पेन्सचा. बोभाटा झाला तेव्हा कंपनीने माघार घेतली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुख्य दंडाधिकारी पॉल गोल्डस्प्रिंग यांनी रेल्वे कंपन्यांचे सुमारे ७४ हजार खटले रद्दबातल ठरवले, कारण १८८९ च्या रेल्वे कायद्याखालचे गुन्हे बंद दाराआडच्या झटपट न्यायप्रक्रियेने चालवता येत नव्हते आणि कंपन्यांनी ते खुशाल चालवले. त्या कंपन्यांत नॉर्दर्न होती. लोकांच्या मालकीची कंपनी लोकांवर हजारोंनी खटले भरत होती आणि मालकाला, म्हणजे लोकांना, तो प्रकार थांबवायचा मार्गच नव्हता.

मालकी आणि कारभार यांतली ही दरी मराठी वाचकाला नवी वाटायला नको. मँचेस्टर-लिव्हरपूल मार्गावर न्यूटन-ले-विलोज नावाचं स्थानक आहे, नॉर्दर्नच्या गाड्या तिथं थांबतात. त्या गावातल्या व्हल्कन फाउंड्रीतून ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची पहिली इंजिनं मुंबईला आली. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला जी गाडी निघाली तिच्यामागे लँकेशायरचं लोखंड होतं आणि लँकेशायरचा स्वार्थही. मँचेस्टरच्या गिरण्यांना खानदेश-वऱ्हाडचा कापूस हवा होता. भांडवल खासगी, पण त्यावर पाच टक्के नफ्याची हमी, आणि तूट आली तर हिंदुस्थानच्या करदात्याने भरायची. पुढे १९०० साली सरकारने ती रेल्वे विकत घेतली. कारभार मात्र लंडनमध्ये बसलेल्या त्याच कंपनीकडे १९२५ पर्यंत राहिला. पंचवीस वर्षं रेल्वे कागदोपत्री सरकारची होती आणि तिसऱ्या वर्गाचा डबा, पाण्याची सोय, मालाचे दर, सगळं जिथं ठरत होतं तिथंच ठरत राहिलं. आपल्याकडच्या त्या काळच्या नेत्यांनी नुसत्या सरकारी मालकीवर समाधान मानलं नाही, कारभारही इथं आणा म्हणून मागणी धरली. आज लँकेशायरच्या लोकांना तीच मागणी लंडनकडे करावी लागते, हा इतिहासाचा जरा खट्याळपणाच.

सरकारला रेल्वे चालवता येत नाही, असं मी म्हणत नाही. लंडन-एडिंबरोचा पूर्व किनारी मार्ग २००९ ते २०१५ सरकारने चालवला, नीट चालवला आणि कोषागाराला सुमारे अब्जभर पौंड दिले. पण तो लंडनचा मार्ग आहे. तो बिघडला तर मंत्र्याच्या कानावर त्याच संध्याकाळी जातं. स्कॉटलंडमध्ये २०२२ पासून स्कॉटरेल तिथल्या सरकारकडे आहे. गर्दीच्या वेळचं चढं भाडं त्यांनी आधी काही महिने काढून पाहिलं, परत लावलं, लोकांनी ओरडा केला, आणि २०२५ च्या सप्टेंबरात ते कायमचं गेलं. निर्णय बरोबर की महाग, यावर वाद होऊ शकतो. पण ज्याने तो घेतला त्याला एडिंबरोत निवडणूक लढवायची आहे. खुद्द नॉर्दर्नच्या शेजारी मर्सीरेल आहे: लिव्हरपूल भागातली लहानशी विजेची रेल्वे, २००३ पासून तिचं कंत्राट स्थानिक संस्था देते. त्यांनी भाडेकंपन्यांच्या नादी न लागता स्टॅडलर कंपनीकडून स्वतःच्या गाड्या घेतल्या, फलाटाच्या पातळीला दार, चाकाची खुर्ची कोणाच्या मदतीशिवाय आत जाते. त्या गाड्याही सुरुवातीला रुसल्या, पण बंद पडल्या की लोक थेट तिथल्या महापौराला धरत होते.

कारभार असा स्थानिक महापौरांकडे द्यावा, यावरचा खरा आक्षेप वेगळा आहे आणि तो वजनदार आहे. महापौर शहरांचे असतात. लीड्स-कार्लाइल मार्गाचं काय? डोंगरातून जाणारा, १८७६ पासून चालू असलेला, रिबलहेडच्या चोवीस कमानींचा हा मार्ग नॉर्दर्नच चालवते. त्याची मोजकी माणसं तीन-चार जिल्ह्यांत विखुरलेली. मँचेस्टरच्या महापौरांना बोल्टनची गर्दी दिसेल, गार्सडेलच्या फलाटावरची दोन माणसं का दिसावीत? स्थानिक सत्ता म्हणजे मोठ्या शहराची सत्ता झाली तर खेड्यांना लंडनऐवजी मँचेस्टरकडे तोंड वेंगाडावं लागेल.

हा आक्षेप मी टाळणार नाही, पण त्याच मार्गाचा इतिहास त्याला उत्तर देतो. १९८० च्या दशकात ब्रिटिश रेलला, म्हणजे पूर्ण सरकारी रेल्वेला, हा मार्ग बंद करायचा होता. वाचवला कोणी? यॉर्कशायर डेल्स राष्ट्रीय उद्यानाच्या मंडळींनी १९७० च्या दशकापासूनच सुट्टीच्या दिवशी खास गाड्या भाड्याने घेऊन बंद स्थानकं पुन्हा उघडून दाखवली होती. मग आसपासच्या परिषदांनी पैसे घातले, १९८६ साली आठ स्थानकं रोजच्या गाड्यांसाठी उघडली. हजारो हरकती नोंदल्या गेल्या. त्यात रस्वर्प नावाच्या कुत्र्याच्या पंजाचा ठसाही होता. तो तिकीट काढून प्रवास करायचा, म्हणून त्याची हरकत धरली गेली. १९८९ च्या एप्रिलमध्ये सरकारने बंदीचा प्रस्ताव फेटाळला. लहान जागांच्या संस्थांना पैसा आणि अधिकार यांतलं थोडंसं मिळालं तर त्या किती लावून धरतात, ते इथं दिसलं. त्यामुळे महापौरांच्या जोडीला जिल्हा परिषदांनाही वेळापत्रकात मत हवं, नुसती बैठकीची खुर्ची नको.

उलट सगळं केंद्रातून चाललं की काय होतं, याचा नमुना मँचेस्टरजवळच्या डेंटन स्थानकात आहे. तिथं आठवड्यातून एकदा, शनिवारी सकाळी, नॉर्दर्नची एक गाडी जाते आणि एक येते. कोणाच्या सोयीसाठी? कोणाच्याच नाही. मार्ग बंद करायची कायदेशीर प्रक्रिया किचकट आणि बदनामीची, त्यापेक्षा आठवड्याला एक फेरी स्वस्त. भोवती हजारो लोक राहतात, मँचेस्टर काही मैलांवर आहे, रूळ आहेत, फलाट आहे.

२०२३ च्या ऑक्टोबरात पंतप्रधान ऋषी सुनक यांनी एचएस-२ या लंडनहून उत्तरेकडे जाणाऱ्या अतिवेगवान रेल्वेमार्गाचा मँचेस्टरपर्यंतचा भाग रद्द केला. घोषणा केली मँचेस्टरमध्येच, पक्षाच्या अधिवेशनात, आणि ते अधिवेशन भरलं होतं १९६९ साली बंद पडलेल्या जुन्या सेंट्रल स्थानकाच्या छताखाली. त्या शहराचे महापौर तेव्हा काही करू शकले नाहीत. आता मजूर पक्षाचं सरकार आहे, रूळ आणि गाड्या दोन्ही सांभाळणारी ग्रेट ब्रिटिश रेल्वेज नावाची एक मोठी संस्था उभी राहते आहे, तिचं मुख्यालय डर्बीत असणार आहे. महापौरांना रेल्वेच्या नियोजनात कायद्याने स्थान देण्याचं आश्वासन आहे. डर्बी लंडनपेक्षा उत्तरेला आहे हे खरं. पण पैशाची सही कोषागारातच व्हायची असेल तर मुख्यालय कार्लाइलला नेलं तरी फरक पडणार नाही.

ग्रेटर मँचेस्टरच्या आठ उपनगरी मार्गांना २०२८ पर्यंत तिथल्या बी नेटवर्क या एकत्रित स्थानिक वाहतूक व्यवस्थेत घेण्याचा बेत आहे. २०२५ च्या जानेवारीपर्यंत तिथल्या सगळ्या बस स्थानिक नियंत्रणाखाली आल्या, पिवळ्या झाल्या, मग बस आणि ट्रामचं भाडं जोडलं गेलं. आता गाड्याही पिवळ्या होतील, तिकीट एक होईल. चांगलंच आहे. पण गाड्या नॉर्दर्नच्या, माणसं नॉर्दर्नची, करार नॉर्दर्नचे आणि नॉर्दर्न वाहतूक खात्याची. म्हणून तो करार जाहीर होईल तेव्हा रंगाचं आणि तिकिटाचं कलम मी नंतर वाचेन. आधी पाहीन ते रविवारचं: गाडी रद्द झाली तर दंड कोणी कोणाला द्यायचा, आणि कंडक्टरांशी नवा करार करायचा पैसा मँचेस्टरच्या अर्थसंकल्पात दाखवलेला आहे की नाही.